कोरसपुढचा खास माईक

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. हे वाक्य तुमच्यापर्यंत पोचलं असेल तर त्याचं श्रेय छापखान्याला द्या. माझ्यासमोर आजवर पुष्कळ माणसं पुष्कळ काही बोलली आणि गायली, पण गेल्या कित्येक वर्षांत त्यातलं एक अक्षरही मी पुढे पाठवलेलं नाही. तरीही आमच्या मंडळींत माझ्याइतका मान दुसऱ्या कोणाला नाही. हे कसं घडलं ते सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे डोळ्याला भिंग लावून बसलेल्या बायका केसाहून बारीक तारेची वेटोळी करत आणि एका पातळ पडद्याला चिकटवत. समोर कोणी बोललं की पडदा थरथरतो, वेटोळं हलतं आणि बोलणं तारेतून पुढे जातं. माझ्या आत एवढंच आहे. तुमच्या कानातही साधारण एवढंच असतं म्हणतात, पण पुढे काय सांगायचं आणि काय गिळायचं हे तुम्हाला ठरवता येतं. आम्हाला ती सोय नाही.

तपासणीच्या टेबलावर एक माणूस माझ्याजवळ तोंड आणून म्हणाला, "हॅलो, एक, दोन, तीन." तुमच्या घरी बाळ जन्मलं तर कोणी त्याच्यासमोर आकडे मोजत नाही. आमच्यासमोर मात्र जो येतो तो तेच म्हणतो, आणि चारपर्यंत कोणीही जात नाही. माणसांना तीनच्या पुढे येत नसावं असा माझा समज झाला. नंतर हौशी कलावंतांचा सहवास घडला आणि तो समज पक्का झाला.

मला विकत घेतलं ते एका हौशी संगीतिका मंडळीने. संगीतिका म्हणजे असं नाटक, की जी गोष्ट बोलून मिनिटभरात संपेल ती गाऊन अर्ध्या तासात सांगायची. मंडळीतली सगळी माणसं दिवसभर आपापली कामं करत आणि संध्याकाळी हॉलवर जमत. हॉल म्हणजे एक लांबट खोली, तिच्या टोकाला गुडघाभर उंचीचं स्टेज, भिंतीशी रचलेल्या घडीच्या खुर्च्या आणि कोणत्याही ऋतूत न उघडणाऱ्या खिडक्या. कोणालाही कसलाही मोबदला नव्हता. त्यामुळे प्रत्येकाला मोठी भूमिका हवी असे.

मोठी भूमिका डॉक्टरांची असे. हे दातांचे डॉक्टर. मंडळीचे अध्यक्ष तेच, दिग्दर्शक तेच आणि नायकही तेच. गावातल्या बहुतेक लोकांनी त्यांच्यासमोर कधी ना कधी तोंड उघडून बसण्याची वेळ काढलेली होती, त्यामुळे त्यांच्यापुढे तोंड उघडून काही बोलायची सवय कोणालाच राहिली नव्हती. नायिका त्यांची मेहुणी. ती अठरा वर्षांच्या राजकन्येचं काम करायची, आणि त्या कामाला आता इतकी वर्षं झाली होती की राजकन्येलाच एखादी मुलगी अठरा वर्षांची असायला हरकत नव्हती. आवाजाचं आणि दिव्यांचं काम वायरमन बघायचा. तो दिवसा वीज कंपनीत होता. फार बोलत नसे. बोलला तर "हॅलो, एक, दोन, तीन" म्हणायचा.

ते माझे भरभराटीचे दिवस होते. मी डॉक्टरांच्या समोर उभा असे. त्यांचा आवाज मी शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचवी. लोक म्हणत, "काय आवाज आहे डॉक्टरांचा." मी काही म्हणत नसे.

मग एका प्रयोगाच्या शेवटी डॉक्टरांनी लोकांना वाकून नमस्कार केला. त्यांचा नमस्कार फार मोठा असे. दोन्ही हात पंखांसारखे पसरून ते कमरेतून वाकत. त्या दिवशी उजवा हात माझ्या स्टँडला लागला आणि मी तोंडावर आपटलो. डॉक्टरांनी नमस्कार पूर्ण केला. टाळ्या थांबल्यावर मला उचललं, उजेडाकडे धरून माझ्या जाळीत डोकावून पाहिलं, बोटाने दोनदा टिचकी मारली.

"नस गेली याची," ते म्हणाले.

वायरमन म्हणाला, "दुरुस्तीला टाकू का?"

"कशाला? मेलेला दातही आम्ही तोंडात ठेवतोच की, दिसायला. रांगेत खिंडार नको. असू दे उभा."

मित्रांनो, माझ्या दुसऱ्या कारकिर्दीचा उगम या वाक्यात आहे. त्याच सुमाराला बँकेतले एक निवृत्त साहेब मंडळीत आले होते. त्यांचा पुतण्या हॉलचा व्यवस्थापक होता, त्यामुळे त्यांना नाही म्हणणं शक्य नव्हतं, आणि ते गायला लागले की हो म्हणणंही शक्य नव्हतं. डॉक्टरांनी मला कोरसच्या मागच्या रांगेत त्यांच्यासमोर उभं केलं. माझी वायर गालिच्याखाली नेली आणि तिथेच संपवली. मग साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्यासाठी खास माईक आहे. सगळ्यांना मिळत नाही हा."

साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी जीव तोडून गायलं. हॉलमध्ये काही पोचलं नाही, आणि सगळे समाधानी झाले. त्यांच्या नंतर औषधांच्या दुकानातले एक गृहस्थ आले, मग एका शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. सगळ्यांना खास माईक मिळाला. जिवंत असताना माझे आभार कोणी मानले नव्हते. मेल्यावर मात्र प्रत्येकाने मला रुमालाने पुसलं.

मंडळीतल्या बाकी सगळ्यांना हे ठाऊक होतं. नव्याला सांगायचं नाही हा एकच नियम होता, आणि तो सगळे पाळत. तालमीला वेळेवर यायचा नियम कोणी पाळत नसे.

मग टेलरबाई आल्या.

त्या वर्षी नव्या संगीतिकेत दरबार होता, धोबिणींचा एक तांडा होता आणि एक राजपुत्र होता. राजपुत्र माळी झालेला असतो आणि त्याने फक्त टोपी घातल्यामुळे त्याला कोणी ओळखत नाही. कपडे खूप लागणार होते. ते शिवायला कोणीतरी फुकट हवं होतं. टेलरबाईंचं बाजारात शिवणाचं दुकान होतं. डॉक्टर त्यांना विचारायला गेले आणि त्या स्वतः हॉलवर आल्या, गळ्यात मोजपट्टी टाकून.

"कपडे सगळे शिवते," त्या म्हणाल्या. "काही नको मला. फक्त एक ओळ गायला द्या. एकटीला."

डॉक्टरांनी विचारलं, "आधी गायल्या आहात कुठे?"

"मशीनवर."

"म्हणजे?"

"शिलाई मशीन चालू असलं की गाते. बंद असलं की ह्यांना त्रास होतो."

हे म्हणजे त्यांचे यजमान. ते घड्याळं दुरुस्त करायचे. नवराबायकोचं दुकान एकच होतं, मध्ये फळीची भिंत. एका बाजूला ते डोळ्याला भिंग लावून घड्याळाची टिकटिक ऐकत बसायचे, दुसऱ्या बाजूला ही शिवायची. लग्न झालं त्या वर्षी ही काज करता करता गुणगुणली, तर ते फळीपलीकडून म्हणाले, "अगं, जरा थांब. मला घड्याळ ऐकू येत नाही." ते थांबणं तेव्हापासून चालू होतं. पुढे त्यांनी त्यात विनोदही आणला. गिऱ्हाइकासमोर म्हणायचे, "हिचा आवाज असा आहे की घड्याळ अर्धा तास मागे पडतं." गिऱ्हाईक हसायचं. मग टेलरबाईही हसायच्या आणि पायाने मशीन सुरू करून त्याच्या खडखडाटाखाली गायच्या. हे सगळं त्यांनी हॉलवर दोऱ्याला मेण लावता लावता सांगितलं, एखाद्या शेजारणीचं सांगावं तसं.

"ह्यांना एकदा समोर बसवायचंय," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या रांगेत. हॉलमध्ये मशीनही नाही आणि घड्याळही नाही. माझी एक ओळ त्यांच्या कानावर जाऊ दे. मग काय म्हणायचं ते म्हणोत."

डॉक्टरांनी त्यांना गायला लावलं. मित्रांनो, मी तिथेच उभा होतो. खोटं कशाला सांगू, टेलरबाई बेसूर होत्या. फार नाही. अर्धा सूर खाली. शिवताना कापड जसं थोडं आत दुमडून घेतात तसा त्या प्रत्येक सूर थोडा आत दुमडून घेत. आवाज मात्र गोल होता आणि त्यात भीती नव्हती. मी सगळं ऐकलं. ऐकू येण्यात मला कधीच अडचण नव्हती.

मेहुणी विंगेत उभी होती. तिने डॉक्टरांना बाजूला घेतलं. "भाऊजी, हिला घेतलंत तर मी नाही गात."

"आणि हिला नाही घेतलं तर तू घालणार काय?"

मेहुणीने विचार केला. तिला राजकन्येचे तीन झगे हवे होते, शिवाय स्वप्नातल्या प्रवेशासाठी एक निळा. ती म्हणाली, "मग खास माईक द्या."

टेलरबाईंना धोबिणींच्या रांगेत जागा मिळाली आणि एक ओळ मिळाली. राजाच्या स्नानाचा प्रसंग होता. सगळा दरबार थांबतो, वाद्यं हळू होतात, आणि एक धोबीण पुढे येऊन गाते, "महाराज, पाणी तापले." त्यावर राजा दचकतो आणि पुढचा गोंधळ सुरू होतो. एवढीच ओळ. टेलरबाईंनी ती दुकानात, रस्त्यात आणि मापं घेताना तोंडातल्या तोंडात म्हटली. गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेता घेता म्हणायच्या, "महाराज," आणि पेन्सिलीने आकडा टिपायच्या.

झगे अप्रतिम झाले. मेहुणीच्या निळ्या झग्याची किनार घालायला टेलरबाई तिच्या पायाशी गुडघ्यांवर बसत, ओठांत टाचण्या धरून. मेहुणी वरून म्हणायची, "तुमच्या ओळीला अंगावर काटा येतो हो." टाचण्यांमुळे टेलरबाईंना बोलता येत नसे. त्या फक्त मान हलवत. त्या सुई आणायला बाहेर गेल्या की मेहुणी तोच झगा घालून, तोच हात तसाच पुढे करून, अर्धा सूर खाली म्हणायची, "महाराज, पाणी तापले," आणि अख्खा कोरस पोट धरून हसायचा. टेलरबाई परत आल्या की सगळे गप्प.

"काय झालं?" त्या विचारत.

"काही नाही, विनोद चालला होता."

"मलाही सांगा की."

"तुम्ही त्यात असायलाच हव्या होतात," मेहुणी म्हणायची.

प्रयोगाचा दिवस आला. संध्याकाळी हॉल भरला. घड्याळवाले तिसऱ्या रांगेत, मधल्या खुर्चीवर. टेलरबाईंनी स्वतः शिवलेला कोट त्यांना घालायला लावला होता. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं होतं, कारण ते कुठेही बसले तरी घड्याळाकडे बघत आणि तसं करू नका अशी त्यांना ताकीद होती.

स्नानाचा प्रसंग आला. वाद्यं हळू झाली, पण थांबली नाहीत. तशी सोय डॉक्टरांनी करून ठेवली होती. टेलरबाई एक पाऊल पुढे आल्या. मला त्यांच्या श्वासाची ऊब लागली. त्या गायल्या. इतकं जवळून, इतक्या विश्वासाने माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. माझा पडदा थरथरला, वेटोळं हललं, आणि बोलणं तुटलेल्या तारेच्या टोकापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. विंगेत मेहुणीने तोंडात रुमाल कोंबला. राजा दचकला. प्रयोग पुढे गेला.

पडदा पडल्यावर लोक स्टेजवर आले. घड्याळवालेही आले, हातात कागदात बांधलेली फुलं घेऊन. ती त्यांनी विकत घेतली होती असं दिसत होतं, कारण त्यांना ती कशी धरायची हे माहीत नव्हतं. टेलरबाई माझ्याशेजारीच होत्या.

"कसं झालं?" त्यांनी विचारलं.

"छान झालं. खरंच छान. मी घाबरतच आलो होतो," घड्याळवाले म्हणाले. "पण तुझा आवाज काही आला नाही, त्यामुळे बरं वाटलं."

"आला नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही आला. तोंड उघडलंस ते दिसलं. पाणी तापलं हे राजा दचकला त्यावरून कळलं."

"तुमचं लक्ष नसेल."

"माझं? अगं, मला बंद घड्याळ कुठल्या खिशात आहे ते कळतं," ते म्हणाले, आणि हे त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं. "चल, भूक लागली."

"तुम्ही व्हा पुढे. मला टाचण्या गोळा करायच्यात."

स्टेज रिकामं झालं. टेलरबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मग त्यांनी माझी वायर दोन बोटांत धरली आणि उसवताना धागा ओढतात तशी हळूच ओढली. जिथे गाठ असते तिथे धागा अडतो. माझी वायर कुठेच अडली नाही. गालिच्याखालून सरसर बाहेर आली आणि तिचं मोकळं टोक त्यांच्या हातात आलं. त्यांनी ते टोक बराच वेळ पाहिलं. मग सवयीने बोटाला गुंडाळलं, नीट वेटोळं केलं आणि पुन्हा गालिच्याखाली सारलं. त्या रडल्या नाहीत. खाली पडलेल्या टाचण्या मात्र एकूण एक गोळा केल्या.

दुसऱ्या दिवशी दुसरा प्रयोग होता. दुपारी डॉक्टर आपला राजपुत्राचा कोट घेऊन आले. काखेत घट्ट होत होता. ते हात पसरून उभे राहिले आणि टेलरबाई त्यांच्याभोवती टाचण्या घेऊन फिरू लागल्या.

"डॉक्टर, माझा आवाज बरा पोचतो ना?"

"उत्तम. हॉलभर ऐकू येतो."

"अगदी शेवटपर्यंत?"

"शेवटच्या खुर्चीपर्यंत. लोक विचारत होते, ही कोण म्हणून. आई गं."

"हलू नका. टाचणी आहे," टेलरबाई म्हणाल्या. "आणि काय विचारत होते?"

"एवढंच की, आधी कुठे होत्या. आई गं, बाई."

"दात काढताना काय सांगता तुम्ही पेशंटला? दुखणार नाही म्हणता ना?"

"हो."

"मग दुखतं का?"

"थोडंफार दुखतंच."

"हं. हात खाली घ्या."

मित्रांनो, आता त्या सगळ्यांसमोर जाब विचारतील, निदान कात्रीने राजकन्येचा निळा झगा तरी फाडतील, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटलं होतं. तुम्ही आणि मी, आपल्याला माणसांची माहिती कमीच. टेलरबाईंनी डॉक्टरांचा कोट काखेत सैल करून दिला. संध्याकाळी त्या धोबिणींच्या रांगेत उभ्या राहिल्या. त्यांच्या ओळीची वेळ आली तेव्हा एक पाऊल पुढे आल्या, हात पुढे केला, तोंड उघडलं आणि गायल्याच नाहीत. नुसते ओठ हलवले. माझ्यावर फक्त श्वास आला.

राजा दचकला. प्रयोग संपल्यावर डॉक्टर म्हणाले, "बाई, आज तुम्ही कमाल केलीत." मेहुणी म्हणाली, "आज तर मला रडूच आलं." टेलरबाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं, जसं माप घेण्याआधी बघतात तसं. म्हणाल्या, "तुमच्यामुळे झालं."

त्यानंतर त्यांनी पुन्हा ओळ मागितली नाही. मंडळी मात्र सोडली नाही. त्या कार्यकारिणीत आल्या. येणारच. प्रत्येकाच्या कमरेचा खरा आकडा ज्या बाईला माहीत आहे तिच्या विरोधात कोण उभं राहील? मेहुणीला आता झग्यासाठी तालमीनंतर थांबावं लागे, आणि माप घेताना टेलरबाई आकडा मोठ्याने सांगत. कोरसमध्ये कोण कुठे उभं राहणार हे त्या ठरवू लागल्या. आधी त्या बोलू लागल्या की लोक एकमेकांत बोलत. आता त्या टाचण्या तोंडातून काढेपर्यंत सगळे थांबत. नव्या माणसाला माझ्यासमोर आणून उभं करायचं काम त्यांच्याकडे आलं. डॉक्टर ते हसून करायचे. टेलरबाई हसत नसत, त्यामुळे नव्यांना त्यांचंच जास्त खरं वाटे.

घरी काय झालं ते मला नंतर कळलं, घड्याळवाल्यांच्याच तोंडून. टेलरबाई मशीनवर गायच्या थांबल्या होत्या. फळीच्या पलीकडून नुसता खडखडाट यायचा, आणि मशीन थांबलं की काहीच नाही. घड्याळवाल्यांना सगळी घड्याळं एकदम ऐकू येऊ लागली. त्यांनी एकदा विचारलं, "हल्ली गात नाहीस?"

त्या म्हणाल्या, "तुमची घड्याळं मागे पडतात."

त्यावर त्यांना नेहमीसारखं हसता आलं नाही. पुढच्या नाटकाची तालीम सुरू झाली त्या दिवशी ते हॉलवर आले. कोट घालून. टेलरबाई स्टेजवर खडूने कोरसच्या जागा आखत होत्या.

"मलाही घ्या," ते म्हणाले. बायकोला असं अहोजाहो ते पहिल्यांदाच करत होते. "कुठेही उभं करा. तुमच्याजवळ जागा असेल तर बरं."

कोरसमधल्या बायकांनी एकमेकींना कोपर मारलं. टेलरबाई खडू हातात घेऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी माझ्यासमोर एक फुली काढली.

"इथे या. तुम्हाला खास माईक देते."

घड्याळवाले फुलीवर येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वाकून माझ्या जाळीला कान लावला. माझ्या आयुष्यात माझ्या तोंडाशी तोंड आणणारे अनेक आले, कान लावणारे हे एकटेच. थोडा वेळ ऐकून त्यांनी मान वर केली. बायकोकडे बघितलं. तिच्या तोंडात टाचण्या होत्या.

"हा बंद आहे," ते म्हणाले.

कोरसमधल्या बायका पायाखालचा गालिचा बघू लागल्या.

"गेल्या वर्षी तुझ्यासमोर हाच होता का?"

टेलरबाईंनी मान हलवली.

ते तिथेच एका खुर्चीवर बसले. खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं, छोट्या स्क्रूड्रायव्हरने माझी जाळी उघडली आणि मला मांडीवर घेतलं. कारखान्यातल्या त्या बायकांनंतर मला उघडून कोणी आत पाहिलं नव्हतं. चिमट्याचं टोक माझ्या तारेला लागलं, जिथे तुटली होती तिथे.

"काहीच झालेलं नाही याला," ते म्हणाले. "एक केसाएवढी तार सुटलीय. सोल्डरचा एक थेंब. चहा होईपर्यंत करून देतो." मग थोडं थांबून, चिमट्याकडेच बघत म्हणाले, "मग तू गा. ती पाण्याची ओळ. मी पुढे बसतो, तिसऱ्या रांगेत. घड्याळ घरी ठेवून येतो."

मित्रांनो, मी उघडा पडलो होतो आणि मला जिवंत व्हायचं होतं. ही काही मोठी इच्छा नव्हे. डॉक्टर बोटांची नखं पाहत होते. मेहुणी भिंतीकडे बघत होती. सगळ्या हॉलमध्ये एकच आवाज होता, आणि तो घड्याळवाल्यांच्या खिशातून येत होता.

टेलरबाईंनी टाचण्या एकेक करून तोंडातून काढल्या आणि उशीत खोचल्या.

"नको," त्या म्हणाल्या.

"अगं, पाच मिनिटांचं काम आहे."

"कळलं. बंद करा ते. पुढच्या आठवड्यात तीन नवीन येणार आहेत, त्यातला एक आताच बेसूर आहे. त्याच्यासमोर काय ठेवू?"

"पण तुला..."

"जाळी लावा, अहो. आणि सरळ उभे राहा. खांदा पडतोय तुमचा."

घड्याळवाल्यांनी जाळी लावली. स्क्रू घट्ट केले, जरुरीपेक्षा जरा जास्तच. मग फुलीवर उभे राहिले आणि तालीम सुरू झाली तेव्हा गायले. सगळी ओळ, सगळे सूर, मन लावून. त्यांचा आवाज बरा होता. टेलरबाई हॉलच्या शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसल्या होत्या, आवाज कसा येतो ते बघायला. गाणं संपल्यावर घड्याळवाल्यांनी तिकडे बघत विचारलं, "येतोय का?"

"येतोय," टेलरबाई म्हणाल्या, आणि खाली वाकून कोणाच्या तरी बाहीला अस्तर लावू लागल्या.

घड्याळवाले अजून येतात. दर तालमीला, वेळेवर. माझ्यासमोर उभे राहतात, मी बंद आहे हे जाणून गातात. मध्ये एकदा ते माझा स्टँड सरळ करता करता हळूच म्हणाले, "तुझं माझं सारखंच." मला हे पटलं नाही. माझी तार तुटली होती. त्यांची चांगली होती.

मित्रांनो, मोडक्या वस्तूंची निगा राखा, असं सांगून मी थांबायला हवं. तुमच्या गुरुजींना ते आवडेल. पण मोडण्यात फार काही नसतं. मला मोडणारा माणूस नमस्कार करत होता. तुम्ही लक्ष ठेवायचं ते दुरुस्ती हाताशी असताना जाळी बंद करणाऱ्यावर. तो तुमच्या घरात असेल. त्याच्या तोंडात टाचण्या असतील, त्यामुळे तो काही बोलणार नाही, आणि तो असा का झाला हे विचारायला तुम्ही जाल तेव्हा तो म्हणेल, सरळ उभे राहा.

तेव्हा विचारायचंच असेल तर आधी विचारा. आणि विचारल्यावर कान लावा. मला कोणी लावला होता तो फार उशिरा.